दुर्बिणीने पित्ताशय काढलं: आत काय सापडलं ते वाचा, मग बरं होण्याचा अंदाज बांधा

एकाच दिवशी, एकाच सर्जनकडे दोघांचं पित्ताशय दुर्बिणीने निघतं. पहिला दुसऱ्या दिवशी घरी जातो आणि आठवड्याभरात टेबलावरच्या कामाला लागतो. दुसऱ्याच्या पोटात आतला द्रव बाहेर काढणारी नळी असते, मुक्काम चार-पाच दिवसांनी लांबतो आणि नातेवाईक हळूच विचारू लागतात, ‘ऑपरेशनमध्ये काही बिघडलं का?’ बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं. दोघांच्या पोटात सर्जनला जे दिसलं तेच वेगळं होतं. ते ‘ऑपरेशन नोट’ नावाच्या पानावर लिहिलेलंही असतं, पण त्या पानाकडे फार थोडे रुग्ण बघतात. डिस्चार्ज कार्डावरच्या गोळ्या पाहून झाल्या की फाइल कपाटात जाते.

ज्यांचं हे ऑपरेशन ठरलंय किंवा नुकतंच झालंय त्यांनी, आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्या माणसाने, ते पान मागून घ्यावं आणि त्यातल्या पाच-सात शब्दांचा अर्थ समजून घ्यावा, एवढाच माझा आग्रह आहे. पुढचे दिवस कसे जातील याचा सगळ्यात खरा अंदाज त्या पानावरूनच येतो.

पायरी १: काय काढतात ते समजून घ्या

पित्त तयार करतं यकृत, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ते फक्त साठवून घट्ट करतं. यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेली ही पिशवी ७ ते १० सेंटिमीटर लांब असते आणि तिच्यात ३० ते ५० मिलिलिटर पित्त मावतं. तिच्यातून एक बारीक नळी निघते, ती सिस्टिक डक्ट. ती यकृताकडून खाली येणाऱ्या मुख्य पित्तनलिकेला मिळते आणि पित्त आतड्यात जातं. पिशवी काढली तरी यकृत पित्त करतच राहतं. फक्त ते साठून न राहता थेंबथेंब आतड्यात उतरतं, म्हणून पित्ताशयाशिवाय पचन नीट चालू शकतं.

हे ऑपरेशन बहुधा पित्ताशयातल्या खड्यांमुळे करावं लागतं, म्हणून ‘नुसते खडे काढा, पिशवी राहू द्या’ असं बरेच जण म्हणतात. पण खडे याच पिशवीत तयार होतात. ती ठेवली तर पुन्हा होण्याची शक्यता भरपूर असते.

पायरी २: ऑपरेशनआधीचे रिपोर्ट वाचा

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये खडे किती आणि केवढे, याकडेच सगळ्यांचं लक्ष जातं. सर्जन मात्र आणखी तीन गोष्टी बघतो. पहिली, पित्ताशयाच्या भिंतीची जाडी: ३ मिलिमीटरच्या वर असेल तर सूज आहे किंवा होऊन गेली आहे असा संशय येतो. दुसरी, मुख्य पित्तनलिकेची रुंदी: साधारण ६ मिलिमीटरपर्यंत ठीक, वय वाढलं की थोडी जास्त. ती फुगलेली असेल किंवा रक्तात बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, वाढलेलं असेल, तर एखादा खडा घसरून नलिकेत गेला असू शकतो. मग एमआरसीपी हा एमआरआयचाच एक प्रकार करून खात्री करतात, आणि खडा असेल तर तो बहुधा तोंडातून दुर्बीण घालून, ईआरसीपीने आधी काढतात. तिसरी, पिशवी आक्रसलेली आहे का: छोटं, आक्रसलेलं, खड्यांनी गच्च भरलेलं पित्ताशय म्हणजे वर्षानुवर्षं सूज येऊन गेल्याची खूण. अशा वेळी ऑपरेशनला जास्त वेळ लागेल हे आधीच धरून चला.

पित्ताशयाला तीव्र सूज आलेली असेल तर ‘आधी सूज उतरू द्या, दीड महिन्याने बघू’ ही पूर्वीची पद्धत होती. आता प्रकृती झेपण्यासारखी असेल तर शक्यतो पहिल्या आठवड्यातच ऑपरेशन करावं याकडे कल आहे. थांबलं तर मधल्या काळात पुन्हा दुखणं उठण्याचा धोका असतो, आणि ताज्या सुजेत ऊती पाणावलेल्या असल्याने थर सुटे करता येतात. काही आठवड्यांनी तिथे कठीण व्रणऊती तयार होते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची औषधं आणि पोटावरची आधीची ऑपरेशनं, अगदी सिझेरियनसुद्धा, भूलतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनाही सांगा. एकाला सांगितलं की दुसऱ्याला कळेल असं गृहीत धरू नका.

पायरी ३: आत काय करतात ते एकदा डोळ्यांसमोर आणा

संपूर्ण भूल दिली जाते. बेंबीजवळ साधारण १ सेंटिमीटरचा छेद घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, १२ ते १५ मिलिमीटर पारा एवढ्या दाबाने. त्यामुळे पोटाची भिंत वर उचलली जाते आणि कामाला जागा होते. बेंबीतून कॅमेरा जातो, आणखी तीन छोट्या छेदांतून हत्यारं. टेबल डोक्याकडून वर आणि डावीकडे कलतं करतात, म्हणजे आतडी आपोआप खाली सरकतात.

मदतनीस पित्ताशयाचं टोक पकडून यकृतावरून वर ढकलतो. सर्जन पिशवीची मान, म्हणजे सिस्टिक डक्टकडचा निमुळता भाग, बाजूला ओढतो, आणि मग सुरू होतं या ऑपरेशनचं खरं कौशल्याचं काम. मान, यकृत आणि पित्तनलिका यांच्यामध्ये एक त्रिकोण असतो. सर्जन त्याला कॅलोज ट्रँगल म्हणतात, झाँ-फ्रान्स्वा कॅलो या फ्रेंच सर्जनच्या नावावरून. तिथली चरबी आणि पातळ पडदे कणाकणाने बाजूला करत जातात. हळूहळू दोन दोऱ्यांसारख्या रचना उघड्या पडतात: सिस्टिक डक्ट आणि पित्ताशयाची धमनी. दोन्हींना क्लिपा लावून त्या कापतात, पिशवी यकृतापासून सोडवतात, प्लास्टिकच्या पिशवीत घालतात आणि एका छेदातून बाहेर काढतात. सोपं पित्ताशय तासाभरात होतं. अवघडाला दोन-तीन तासही लागतात. बाहेर ताटकळणाऱ्या माणसाने घड्याळावरून तर्क करू नयेत.

पोट उघडून पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये बर्लिनमध्ये केलं. दुर्बिणीने ते पहिल्यांदा जमवलं एरिश म्यूहे यांनी, सप्टेंबर १९८५ मध्ये जर्मनीतच, आणि तेव्हा त्यांच्याच देशातल्या सर्जनांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. १९८७ मध्ये फिलिप मूरे यांनी लियाँमध्ये केलं आणि मग काही वर्षांत ही पद्धत जगभर पसरली. पसरताना एक किंमतही मोजावी लागली: सुरुवातीच्या काळात मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याच्या घटना वाढल्या, कारण पडद्यावर सिस्टिक डक्ट समजून मुख्य नलिकाच कापली जाई. यावर स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये ‘क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी’ ही कसोटी मांडली. त्रिकोण पूर्ण साफ झाला पाहिजे, पिशवीचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सुटला पाहिजे, आणि पिशवीत जाणाऱ्या दोनच रचना दिसल्या पाहिजेत. तोवर काहीही कापायचं नाही.

पायरी ४: ऑपरेशन नोट मागा आणि ‘फाइंडिंग्ज’चा, म्हणजे आत काय दिसलं त्याचा, परिच्छेद वाचा

डिस्चार्जच्या वेळी ही नोट मागा. तो तुमचाच कागद आहे, मागताना संकोच नको. डॉक्टरांचं अक्षर लागत नसेल तर राउंडला आल्यावर वाचून घ्या. या शब्दांवर बोट ठेवा:

‘क्रिटिकल व्ह्यू अचीव्ह्ड’. हे लिहिलेलं असेल तर सर्जनने वरची कसोटी पाळून सिस्टिक डक्ट कापली आहे. माझ्या मते संपूर्ण नोटमधलं हे सगळ्यात मोलाचं वाक्य आहे. नसेल तर घाबरू नका, कधीकधी लिहायचं राहून जातं. पण विचारा जरूर.

‘अॅढेजन्स’, म्हणजे चिकटणं. पोटातला चरबीचा पडदा, जठराचं टोक किंवा मोठं आतडं पित्ताशयाला येऊन चिकटलेलं असतं. पातळ चिकटणी सहज सुटतात. ‘डेन्स’ म्हणजे घट्ट असं लिहिलं असेल तर सोडवताना वेळ गेलेला असतो, आणि पहिले दोन-तीन दिवस पोट जरा जास्त दुखलं, फुगलं तर त्यात नवल नाही.

‘डिस्टेंडेड’ म्हणजे फुगलेलं. ‘म्यूकोसील’ म्हणजे मानेत खडा अडकून आत पाण्यासारखा स्राव साठलेला, ‘एम्पायमा’ म्हणजे पू साठलेला, आणि ‘गँग्रीनस’ म्हणजे भिंतीचा भाग मृत झालेला. म्यूकोसीलमध्ये बरं होण्याचा वेग सहसा नेहमीचाच असतो. पू किंवा गँग्रीन असेल तर अँटिबायोटिक थोडे जास्त दिवस चालतं, जखमेत, विशेषतः पिशवी जिथून बाहेर काढली त्या छेदात, संसर्ग होण्याची शक्यता वाढते आणि अंगातली ताकद परत यायला वेळ लागतो. अशा रुग्णाने शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाशी स्वतःची तुलना करू नये. दोघांचा आजारच वेगळा होता.

‘फ्रोजन कॅलोज’ म्हणजे तो त्रिकोण सुजेने इतका घट्ट झालेला की थर वेगळे करताच येत नाहीत. ‘मिरिझी’ म्हणजे मानेत अडकलेला खडा बाहेरून मुख्य नलिकेवरच दाबत आहे. या दोन्ही ठिकाणी शहाणा सर्जन हट्ट करत नाही. तो दोनपैकी एक वाट धरतो आणि नोटमध्ये ती दिसते.

पहिली वाट ‘सबटोटल’. पिशवीचा बराचसा भाग कापून खडे बाहेर काढतात आणि धोकादायक मानेला हात न लावता तेवढा तुकडा आत ठेवतात. यात मुख्य नलिका वाचते. त्या बदल्यात पहिल्या काही दिवसांत तिथून पित्त झिरपण्याची शक्यता वाढते, म्हणून नळी ठेवलेली असते. बहुतेक वेळा झिरपणं आपोआप थांबतं, नाहीतर ईआरसीपीने पित्तनलिकेत छोटी स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी, टाकतात. आणि पुढे कधीतरी राहिलेल्या तुकड्यात पुन्हा खडे होऊ शकतात. म्हणून सबटोटल झालेल्या माणसाने ‘माझं पित्ताशय काढलंय, मला तो त्रास होणारच नाही’ असं मनाशी धरू नये.

दुसरी वाट ‘कन्व्हर्टेड टू ओपन’, म्हणजे पोट उघडलं. हे वाचून नातेवाईकांचे चेहरे पडतात. खरं तर अडचण वेळीच ओळखून पोट उघडणं ही सावधगिरी आहे. ठरवून केलेल्या ऑपरेशनांत असं शंभरात काहींच्याच बाबतीत होतं, सुजलेल्या पित्ताशयात अधिक. छेद बरगडीखाली मोठा असतो, मुक्काम काही दिवसांनी वाढतो आणि पूर्ववत व्हायला चार ते सहा आठवडे धरावे लागतात.

‘बाइल स्पिलेज’ म्हणजे पिशवी फाटून पित्त सांडलं. हे बऱ्यापैकी घडतं आणि पोट धुऊन घेतलं की बहुधा त्रास होत नाही. ‘स्टोन स्पिलेज’ मात्र लक्षात ठेवा. सांडलेले खडे शोधून काढतातच, पण एखादा निसटून आत राहिला तर महिन्यांनी, कधी वर्षांनीही, तिथे गळू होऊ शकतो. तसा प्रसंग आलाच आणि तुम्ही त्या डॉक्टरांना ‘तेव्हा खडे सांडले होते’ एवढं सांगू शकलात, तर निदान खूप लवकर होईल.

‘ड्रेन प्लेस्ड’: नळी ठेवली. सोप्या ऑपरेशननंतर ती सहसा ठेवत नाहीत. ठेवली असेल तर का, ते विचारा.

पायरी ५: पहिले चोवीस तास

जाग येते तेव्हा घसा खवखवतो, मळमळतं, आणि थोड्या वेळाने उजवा खांदा दुखायला लागतो. खांदा का दुखतोय हे कोणी आधी सांगितलेलं नसतं, म्हणून माणूस घाबरतो. पोटात भरलेल्या वायूमुळे छातीखालचा पडदा, म्हणजे श्वासपटल, चेतवला जातो, आणि त्या पडद्याची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या त्याच मज्जातंतूंच्या मुळांतून जाते. म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. दोन-तीन दिवसांत जातं. उठून चालण्याने फरक पडतो, तसाच साध्या वेदनाशामक गोळीनेही.

पहिल्यांदा उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, गुडघे दुमडा, पाय खाटेवरून खाली सोडा आणि हाताच्या कोपराने रेटा देत बसते व्हा. मिनिटभर तसेच बसा, चक्कर येत नाही ना ते बघा, मग कुणाचा तरी आधार घेऊन उभे राहा. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरा. त्याच दिवशी दोन-चार वेळा चालणं पायांत रक्ताची गाठ होऊ नये म्हणूनही गरजेचं असतं. लघवी नीट होतेय ना तेही बघा. भुलीनंतर ती काहींना अडते.

नळी असेल तर सोबतच्या माणसाने तिच्यातल्या द्रवाचा रंग बघत राहावा. पहिल्या दिवशी लालसर, नंतर फिकट गुलाबी, मग पिवळसर पाण्यासारखा, हा नेहमीचा क्रम आहे. हिरवा किंवा गडद सोनेरी पिवळा द्रव म्हणजे पित्त असू शकतं. ते लगेच नर्सला दाखवा.

पायरी ६: घरी आल्यावर

सरळ पार पडलेल्या ऑपरेशननंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. जखमेवर पाणीरोधक पट्टी असेल तर एक-दोन दिवसांत उभ्याने अंघोळ चालते. पाण्यात बसून राहणं किंवा पोहणं जखमा पूर्ण भरेपर्यंत नको. टाके विरघळणारे नसतील तर साधारण ७ ते १० दिवसांनी काढतात. बेंबीजवळची जखम बाकीच्यांपेक्षा जास्त दुखते, आजूबाजूला निळसर डागही दिसतो.

वेदनाशामक पहिले तीन-चार दिवस लिहून दिल्याप्रमाणे वेळेवर घ्या, ‘दुखेल तेव्हा घेऊ’ असं नको. दुखत असेल तर माणूस खोल श्वास घेत नाही, चालत नाही, आणि मग छातीचा संसर्ग, बद्धकोष्ठ असे नवे त्रास सुरू होतात.

खाण्याबद्दल इतके सल्ले कानावर येतात की रुग्ण गोंधळून जातो. साधं आहे: पहिले काही दिवस थोडं-थोडं, हलकं, कमी तेलाचं खा आणि सोसेल तसं नेहमीच्या जेवणावर या. आयुष्यभर तूप-तेल वर्ज्य करण्याची बहुतेकांना गरज नसते.

टेबलावरचं काम एक ते दोन आठवड्यांत. जड उचलणं, अंगमेहनत चार ते सहा आठवडे टाळा, नाहीतर बेंबीच्या छेदातून हर्निया होऊ शकतो. गाडी तेव्हाच चालवा जेव्हा पोटात कळ न येता जोरात ब्रेक दाबता येईल आणि गुंगी आणणारी गोळी बंद झालेली असेल.

पायरी ७: उलटा कल ओळखा

सगळं विसरलात तरी ही पायरी विसरू नका. या ऑपरेशननंतर प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा बरा जायला हवा. तिसऱ्या, पाचव्या किंवा सातव्या दिवशी माणूस कालच्यापेक्षा मलूल वाटला तर त्याला कारण आहे असं समजा.

पित्तनलिकेला इजा हजारात साधारण दोन ते पाच जणांना होते. नुसती पित्त गळती त्यापेक्षा थोडी जास्त आढळते. आणि ती नेहमी आरडाओरडा करत येत नाही. पोट फुगलंय, खायची इच्छा नाही, नाडी जलद चालतेय, अस्वस्थ वाटतंय, ताप असेल-नसेल, एवढ्यावरच सुरुवात होते. घरचे म्हणतात गॅस झाला असेल, ओवा द्या. असं दोन दिवस घालवू नका. सोनोग्राफी आणि रक्ततपासणीत बहुधा लगेच कळतं, आणि वेळेवर कळलेली गळती बऱ्याचदा नळी आणि स्टेंट एवढ्यावर आटोक्यात येते.

याशिवाय ताबडतोब रुग्णालय गाठायची कारणं: ३८ अंश सेल्सियसच्या वर ताप किंवा थंडी वाजणं, डोळे पिवळे होणं, लघवी गडद आणि शौच पांढुरकी होणं, थांबत नसलेल्या उलट्या, जखमेतून पू, एका पायाच्या पोटरीला सूज आणि दुखणं, धाप लागणं. कावीळ काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दिसली तरी ती याच यादीत धरा. नलिकेत मागे राहिलेला खडा तेव्हाही त्रास देऊ शकतो. जाताना ऑपरेशन नोट बरोबर न्या.

स्टेंट टाकलेली असेल तर ती काढायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. बरं वाटायला लागलं की माणूस विसरतो, आणि विसरलेली प्लास्टिकची स्टेंट काही महिन्यांत तुंबते. मग ताप आणि कावीळ घेऊनच परत यावं लागतं.

पायरी ८: बायोप्सीचा रिपोर्ट आणायला जा

काढलेलं पित्ताशय पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तपासतात. रिपोर्ट येईपर्यंत रुग्ण घरी गेलेला असतो, त्यामुळे तो आणायचा राहून जातो. ‘क्रॉनिक कोलेसिस्टायटिस’ म्हणजे जुनी सूज, हे सगळ्यात नेहमीचं उत्तर आहे. ‘कोलेस्टेरोलोसिस’ म्हणजे अस्तरात चरबीचे कण, निरुपद्रवी. ‘झँथोग्रॅन्युलोमॅटस’ ही एक प्रकारची जाड, चिवट सूज, दिसायला कर्करोगासारखी, पण कर्करोग नव्हे. ‘डिस्प्लेझिया’ (कर्करोगाआधीचे पेशींतले बदल) किंवा ‘कार्सिनोमा’ (कर्करोग) हे शब्द क्वचितच दिसतात, पण त्यांच्यासाठीच रिपोर्ट हाती घ्यायचा. अगदी वरच्या थरापुरता कर्करोग, ज्याला टी वन ए म्हणतात, पित्ताशय काढण्यानेच बरा होऊ शकतो. त्याहून खोल असेल तर बहुधा आणखी एक ऑपरेशन लागतं, आणि तिथे आठवडे वाया घालवून चालत नाही.

पायरी ९: पुढचे महिने

जेवणानंतर बरगडीखाली उठणारी, तासभर पिळवटणारी कळ या ऑपरेशनने बहुतेकांची जाते. छातीत जळजळ, ढेकर, गॅस, पोट जड वाटणं यांचं तसं नाही. ते त्रास खड्यांमुळे नसतील तर पित्ताशय गेल्यावरही राहतात. ऑपरेशनआधी सर्जनला हा प्रश्न थेट विचारा: माझ्या तक्रारींपैकी कोणत्या जातील आणि कोणत्या राहतील? उत्तर आधी मिळालं तर नंतरची निराशा पुष्कळ टळते.

काहींना जेवल्याजेवल्या पातळ शौचाला धावावं लागतं. पित्त सतत आतड्यात येत असतं, त्यातले आम्ल मोठ्या आतड्यापर्यंत पोचले की ते असं करतात. बहुतेकांचं काही आठवड्यांत स्थिरावतं. महिने उलटले तरी थांबलं नाही तर सोसत बसू नका. पित्ताम्लं बांधून ठेवणारी कोलेस्टायरामीनसारखी औषधं आहेत आणि ती बऱ्याच जणांना लागू पडतात.

फाइलमध्ये चार कागद एकत्र ठेवा: आधीची सोनोग्राफी, ऑपरेशन नोट, डिस्चार्ज कार्ड, बायोप्सी. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर आत क्लिपा आहेत हे आधी सांगा. त्या बहुधा टायटॅनियमच्या असतात आणि त्यांच्यामुळे तपासणी अडत नाही, पण तंत्रज्ञाला खात्री करून घ्यायची असते, आणि ती खात्री ऑपरेशन नोटवरूनच होते.